मेडिएटर जीन चालू करतो की बंद? मदत हवी आहे

मंडळी, ट्रान्सक्रिप्शनमध्ये (जीनवरून आरएनए बनणं) दोन दिवस अडकलोय, कोणीतरी सोडवा. एवढं कळलंय की अ‍ॅक्टिव्हेटर (जीन चालू करणारं प्रोटीन) एन्हान्सरला (डीएनएवरचा नियंत्रणाचा भाग) चिकटतो आणि त्याचा निरोप आरएनए पॉलिमरेज २ (आरएनए बनवणारं एन्झाइम) पर्यंत पोचवायला मध्ये मेडिएटर नावाचं जवळपास ३० प्रोटीन्सचं धूड असतं. इथवर ठीक. घोळ पुढे आहे. मेडिएटरला सीडीके८, सायक्लिन सी, मेड१२, मेड१३ असा ४ प्रोटीन्सचा तुकडा मधूनच येऊन जोडला जातो, आणि तो असला की पॉलिमरेजला मेडिएटर धरताच येत नाही, म्हणजे जीन बंद, बरोबर ना? मग पी५३ (हाही एक अॅक्टिव्हेटर) जेव्हा पी२१ (पेशीचं विभाजन थांबवणारं प्रोटीन) चा जीन चालू करतो तेव्हा हाच सीडीके८ मदतीला असतो असं का लिहितात?? मला वाटतंय तुकडा आधी येतो, काहीतरी फॉस्फोरिलेट करतो (म्हणजे त्याला फॉस्फेट लावतो) आणि मग सुटतो, पण हा आपला माझा अंदाज, डायग्राममध्ये तर सगळं एकदमच चिकटवून ठेवलंय (काढणाऱ्याला दंडवत). तुकडा आपोआप सुटतो की कोणी काढतं? आणि सीडीके८ चं किनेजचं (फॉस्फेट लावायचं) काम बंद पाडलं पण प्रोटीन तिथेच राहिलं तर अडवणूक तशीच राहणार का? सोप्या भाषेत सांगा प्लीज, लिंक नकोत, आधीच १२ टॅब उघडे आहेत.