"ब्रेडेड घ्या, तंगूस फेकून द्या" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

खाजनकाठी
परवा इथे, गरवणाऱ्यांच्या या गटावर, फोंड्याच्या एका नवख्या मुलाने विचारलं होतं की गरीसाठी पहिली दोरी कुठली घेऊ, विणलेली ब्रेडेड की एकसंध नायलॉनचा तंगूस, बजेट कमी आहे. त्यावर रीलवाला यांचं उत्तर: "ब्रेडेड सोडून दुसरी दोरी लावणारा अजून आजोबांच्या काळात आहे, तंगूस कपडे वाळत घालायला ठेवा." वाचून डोकं सणकलं, म्हणून बसून सगळं लिहितोय. तो पोर आता जाऊन सगळे पैसे ब्रेडेडवर घालणार, मानशीवर (बांदातल्या पाणी सोडायच्या दारावर) गरी टाकणार आणि पहिलाच बरा मासा घालवणार. मी घालवलाय ना, म्हणून सांगतो.

श्रावणातली गोष्ट. सुकती (ओहोटी) लागली होती, खाजनातलं (खाडीकाठच्या बांद घातलेल्या शेतातलं) पाणी मानशीतून बाहेर पडत होतं, आणि त्या पाण्याबरोबर बाहेर येणारी बारीक मासळी खायला चोणक तोंडाशीच उभा असतो हे इथे कुणाला सांगायला नको. माझ्याकडे नवीकोरी ३० पाउंडाची (तेवढा ताण सोसणारी) ब्रेडेड, थेट गरीला बांधलेली. घेतलं त्याने. ड्रॅग (रिळाचा ब्रेक, ताण वाढला की दोरी सोडतो तो) करकरला, मासा सरळ मानशीच्या खांबाकडे गेला, खांब पाण्याखाली कालवांनी भरलेला. हाताला टिक् असं काहीतरी लागलं आणि दोरी सैल. झटकासुद्धा नाही. गुंडाळून टोक बघितलं तर रंगाऱ्याच्या ब्रशासारखं फुललेलं. शेजारी एकजण ०.६० मिमीचा तंगूस हाताने खेळवत होता, त्याने त्याच खांबाला घासून चोणक वर काढला. तंगूसावर बोट फिरवलं तर हातभर कानशीसारखा खरखरीत झालेला, पण तुटला नव्हता.

कारण साधं आहे. ब्रेडेड म्हणजे ४ किंवा ८ पेड, प्रत्येक पेडात केसाहून बारीक तंतू. ताणात असताना धारेवर गेली की एकेक करून सुटतात, आणि सुरुवात झाली की थांबत नाही. तंगूस एकसंध, वरून सोलला तरी आत जीव राहतो. मी जागा बघून दोरी लावतो, पाकिटावरचा आकडा नंतर बघतो. कालवं, खांब, खारफुटीची मुळं असतील तिथे घासणाऱ्या भागात जाड तंगूस पाहिजेच.

रीलवाला
काका, राग समजला, पण थेट गरीला ब्रेडेड तुम्ही बांधली, मी सांगितली नव्हती. लीडर (गरीच्या आधीचा जाड दोरीचा तुकडा) नको असं मी कुठे लिहिलंय दाखवा. स्वतःची चूक आणि दोष दोरीला, हे बरं नाही.

आता माझी बाजू. मी दोना पावलच्या बाजूने खडकांवरून टाकतो. तिथे सुकतीचा ओढ काय असतो ते ज्याने अनुभवलाय त्याला माहीत. २० पाउंडाचा मोनो (म्हणजे तंगूसच) साधारण ०.४२ मिमी, तेवढ्याच ताकदीची ब्रेडेड ०.२३ च्या आसपास. बारीक दोरीला पाण्याचा रेटा कमी, त्यामुळे जिथे मोनोवर ६० ग्रॅमचं शिसं वाहून जातं तिथे मी ४० वर तळ धरतो. लांब जाते ते वेगळंच. आणि मासा नुसता हुंगून गेला तरी बोटाला कळतं. मोनो तुटायच्या आधी पाव भागापर्यंत लांबतो, तुम्ही ६० मीटरवर हिसका मारता तेव्हा अर्धा हिसका दोरीच पिऊन टाकते, गरी रुतणार कशी? शिवाय माझी ब्रेडेड तिसऱ्या वर्षात आहे, एकदा उलटी गुंडाळली की आतला कोरा भाग वर येतो. तुम्ही दर मोसमाला तंगूस बदलता त्याचा हिशोब कोण करणार?

बेतूलकर
मी ४० वर्षं साळ नदीच्या मुखाशी हाताने गरवतो, काठी नाही रीळ नाही, पाटीवर गुंडाळलेला तंगूस. पुतण्याने आग्रहाने ब्रेडेड आणून दिली. तांबसो मासा लागला, दगडाखाली शिरायला ओढला, मी सवयीने दोरीचा वेढा हाताला घेतला आणि तर्जनी हाडापर्यंत कापली. महिनाभर जेवताना भात डाव्या हाताने. व्रण अजून आहे, थंडीत दुखतो. तुम्हां रीळवाल्यांना दोरी हाताला लागतच नाही म्हणून गोडवे गाता. हाताने गरवणाऱ्याला जाड तंगूसच लागतो, पकड मिळते आणि तो ताणला जातो तेच बरं, नाहीतर माशाचा हिसका सरळ खांद्यात येतो.

रीलवाला
हाताने गरवणाऱ्यांसाठी मी लिहिलंच नव्हतं बाबा. तुमचं बरोबर आहे, पण तो वेगळा विषय.

वेर्णा_शिफ्ट
प्लास्टिकच्या कारखान्यात १६ वर्षं काढली आहेत, म्हणून दोन्हीकडच्या चुका सांगतो, रागावू नका.

तंगूस म्हणजे नायलॉन. ड्यूपॉन्टमध्ये १९३५ साली बनलं. ते पाणी पितं. भिजला की थोडा मऊ होतो, जास्त लांबतो आणि ताकद साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. उन्हाने तर ठिसूळ होतोच. बाल्कनीत वर्षभर पडलेलं रीळ घेऊन चोणकासमोर उभे राहणारे लोक मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. वारभर ओढून गाठ मारून झटका द्या, हलक्या झटक्यातच तुटला तर सगळं काढून टाका.

ब्रेडेड म्हणजे पॉलिइथिलिन, पण अतिलांब साखळ्यांचं. पाणी पीत नाही, जवळजवळ लांबत नाही, पण दीडशे अंशांच्या आतच वितळतं. म्हणूनच गाठ आवळताना थुंकी लावा म्हणतात, घासून गरम झाली की तिथेच कमजोर. आणि फार गुळगुळीत, साधी गाठ सरकते. रिळावरसुद्धा खाली दहा-बारा वेढे मोनो घाला, नाहीतर अख्खी गुंडाळी फिरत राहते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला.

फ्लोरोकार्बन हा तिसरा. त्याबद्दल दोन गैरसमज. एक, तो लांबत नाही. लांबतो, नायलॉनच्या जवळपास लांबतो. दोन, तो पाण्यात दिसेनासा होतो. त्याचा प्रकाश वळवण्याचा आकडा १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणजे कमी दिसतो, अदृश्य नाही. वजनाने मात्र पाण्याच्या पावणेदोन पट, भराभर बुडतो. दुकानदार नायलॉनच फ्लोरो म्हणून खपवतात. काही लोक जाळून परीक्षा करायला सांगतात. फ्लोरो जाळू नका, त्यातून निघणारा वायू फुफ्फुसाला घातक असतो. दोन्हीचे तुकडे भिजवून ग्लासात सोडा, कुठला दगडासारखा जातो ते बघा.

खाजनकाठी
धन्यवाद. म्हापशाच्या एका दुकानात मला असाच "शंभर टक्के फ्लोरो" देऊन लुबाडलंय. आणि पावसात मांडवीचं पाणी चहासारखं असताना फ्लोरोचे चौपट पैसे कशाला? काब द रामच्या खडकांवर जानेवारीतलं नितळ पाणी असेल तर समजू शकतो.

रीलवाला
म्हणजे तंगूस भिजला की कमजोर होतो हे कारखान्यातल्या माणसानेच सांगितलं. हेच मी म्हणत होतो.

खाजनकाठी
दहा-पंधरा टक्के जातात म्हणून मी जाड घेतो. तुमची धारेवर गेली की शंभर टक्के जाते.

चिखलीकाठ
तुम्ही सगळे कुठली दोरी तुटते यावर भांडताय. तुटलेली दोरी जाते कुठे ते कुणी विचारलं का?

आम्ही चिखलीच्या किनाऱ्यावर राहतो. सासूबाईंबरोबर सुकतीला तिसऱ्या (शिंपल्या) काढायला उतरते. याच पाण्यात त्या चपट्या शिंपल्या होतात, ज्यांची तावदानं जुन्या घरांच्या खिडक्यांना असायची. मागच्या वर्षी मांडीभर पाण्यात होतो, भरती चढायला लागली होती, टोपली भरलेली, परत फिरले तर पाय हलेना. बारीक हिरवी दोरी पोटरीला दोनदा गुंडाळलेली, दुसरं टोक कुठल्यातरी दगडात अडकलेलं. ओढावं तशी आत शिरत होती. सासूबाईंनी कोयत्याने कापली म्हणून बाहेर आले. आणि पलीकडे खारफुटीत एक पाणकावळा लटकलेला बघितला, पंखाला तंगूस, तोंडात गरी. नुसती पिसं आणि हाडं उरली होती, वारा आला की फिरायचा. मी दोन दिवस जेवले नाही.

रीलवाला तीन वर्षं टिकते म्हणून कौतुक करतात. ती तुटून पडली की शेकडो वर्षं टिकते.

बेतूलकर
ताई, हे आम्हा गरवणाऱ्यांवर का घालता? बेतूलला किनाऱ्यावर येऊन बघा, ट्रॉलरांच्या जाळ्यांचे ढीगच्या ढीग वाहून येतात. आमचा हातभर तंगूस त्यापुढे काय? आणि मानशीची पावणी (लिलाव) घेणारे रात्रभर बारीक जाळं लावून बोटाएवढी पिल्लंसुद्धा उचलतात. जून-जुलै ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा अंडी घालायला नदीत शिरलेली मासळी मानशीत संपवायची असेल तर बंदी कसली? त्याबद्दल कुणी बोलत नाही.

चिखलीकाठ
जाळ्यांबद्दल मी दहा वेळा बोलले आहे, ग्रामसभेतही. पण माझ्या पायाला जाळं नव्हतं गुंडाळलं. दुसऱ्याचं मोठं पाप दाखवलं की आपलं धुतलं जातं का?

रीलवाला
ताई, तुमच्यावर आलं ते वाईट झालं. पण म्हणूनच ब्रेडेड बरी ना, कमी तुटते, कमी पडते.

चिखलीकाठ
कमी तुटते? वर खाजनकाठींची तुटली ती कुठली होती? पोटरीला होती तीसुद्धा ब्रेडेडच. आणि वेर्णावाल्यांना विचारा ती बुडते का.

वेर्णा_शिफ्ट
नाही बुडत. घनता ०.९७, पाण्यापेक्षा हलकी. नायलॉन १.१४, तो तळाला जातो. म्हणजे तुटलेली ब्रेडेड भरतीबरोबर वाहत खारफुटीच्या मुळांत नि फांद्यांत जाऊन बसते, जिथे पक्षी असतात तिथेच. तंगूस तळाशी, जिथे ताईंचे पाय. बरं दोन्ही नाही.

रीलवाला
आता दोरी पाण्यावर तरंगते हा पण माझा गुन्हा? मी एकही तुकडा टाकत नाही, सगळा खिशात घालून आणतो. सरसकट सगळ्यांना झोडपायचं असेल तर मी निघतो इथून.

चिखलीकाठ
खिशात तुम्ही कापलेला तुकडा येतो. दगडात अडकली की तुम्ही काय करता ते सांगा. प्रामाणिकपणे.

रीलवाला
रॉड सरळ धरून, रीळ घट्ट करून मागे चालत जातो. तुटते. कुठे तुटते ते आपल्या हातात नसतं.

खाजनकाठी
असतं. मधे पडू नये असं वाटत होतं पण इथे बोलायला पाहिजे. मुख्य दोरी ३० ची आणि पुढचा लीडर ४० चा असेल तर तुटताना कमजोर तीच तुटते, म्हणजे ब्रेडेड, आणि तीही रिळाजवळ तुटली तर ५० मीटर पाण्यात. मी शिसं वेगळ्या बारीक तंगूसावर बांधतो, ८-१० पाउंडाच्या. दगडात जातं ते बहुतेक वेळा शिसंच. ओढलं की तेवढा वीतभर तुकडा आणि शिसं जातं, बाकी सगळं हातात येतं. आणि ओढताना दोरी बोटाला गुंडाळायची नाही, लाकडाच्या तुकड्याला वेढे देऊन ओढायची. बेतूलकरांचं बोट आठवा.

बेतूलकर
आमच्याकडे शिसं पूर्वीपासून असंच बांधतात, सुती धाग्यावर. तो कुजून जातो. तंगूससुद्धा नको.

चिखलीकाठ
हे आधी सांगायला काय झालं होतं? इतकी वर्षं माहीत होतं आणि एकाही पोराला शिकवलं नाही.

बेतूलकर
विचारलं कुणी मरे? पोरं मोबाइलवर बघून शिकतात. पण बरोबर आहे तुमचं, सांगायला पाहिजे होतं.

फोंड्याचा_नवखा
सगळ्यांना नमस्कार, प्रश्न माझाच होता. वाचून जास्तच गोंधळलो. माझ्याकडे साधं स्पिनिंग रीळ आणि सात फुटी रॉड आहे. रविवारी बांदावर मानशीजवळ जाणार, जमलं तर पुढे कधी खडकांवर. काय घेऊ?

खाजनकाठी
०.४० चा साधा मोनो, त्याच मोसमात बनलेला. रीळ काठाच्या दोन मिमी खालपर्यंत भर, जास्त नको. पुढे लीडर दीड वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं) ०.६० चा. चोणकाच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, तोंड खरखरीत, त्यामुळे लीडर दर माशानंतर बोटाने चाचपायचा, खरखर लागली की तेवढा कापून पुन्हा बांधायचा. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव भागावर. उरलेल्या पैशांत गरी चांगली घे.

रीलवाला
मानशीसाठी हे चालेल. मान्य. खडकांवर गेलास की माझ्याकडे ये, तिथे ब्रेडेडच लाव, पण लीडरला जोडायला डबल युनी गाठ आधी घरी पन्नास वेळा बांध. आणि "कपडे वाळत घालायला" हे मी लिहायला नको होतं, ते मागे घेतो. काका, तुम्ही दीड वाव म्हणता ते कुठून मोजता, गरीपासून की स्विव्हलपासून (दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कडीपासून)? माझा लीडर हातभरच असतो, आणि खरं सांगायचं तर यंदा मीही तीन मासे खडकावर घालवलेत.

खाजनकाठी
गरीपासून. मासा दगडाभोवती फिरला तरी ब्रेडेड दगडाला लागता कामा नये, तेवढा. हातभर फार कमी. दोन वावही कर, फक्त टाकताना गाठ रॉडच्या टोकाच्या कडीत अडकत नाही ना ते बघ.

चिखलीकाठ
रविवारी येणार असाल तर पाण्याची रिकामी बाटली घेऊन या, झाकणाला भोक पाडून. कापलेले तुकडे त्यात घाला. आणि त्या मानशीच्या खांबाला जे जुनं गुंतलेलं लोंबतंय ते सुकतीला हाताला येतं. कोयता मी आणते.

बेतूलकर
सुती धाग्याचं रीळ माझ्याकडे आहे. कितीला सुकती?

खाजनकाठी
सव्वासातला लागेल. सहाला बांदावर या.