समुद्रावर चेहरा काळा, केस तोंडावर, पोज अवघडलेली – रविवारच्या आत मदत हवी आहे

सड्यावरचा
रविवारी शूट आहे आणि ट्रायलचे सगळे फोटो टाकाऊ निघाले. मॉडेलचा चेहरा काळा, मागे आभाळ पांढरंफटक, केस सारखे तोंडावर. चेहरा उजळायला जावं तर समुद्र पांढरा होऊन उडतो. त्यात मुलगी प्रत्येक फोटोत खांबासारखी ताठ. पोज कोणत्या द्यायच्या, अँगल कोणता, बॅकग्राउंड कुठलं, तेवढं सांगा. कॅमेरा चांगला आहे, त्यावर चर्चा नको. यूट्यूबच्या लिंकाही नकोत, सगळ्या बघून झाल्यात.

एक_पॉइंट_आठ
८५ मिमी एफ १.८ लेन्स घ्या. सेकंडहँडही मिळते. बॅकग्राउंडची कटकटच संपते, सगळं धूसर.

ओहोटी
कुठला किनारा? किती वाजता? मॉडेलचं तोंड कोणत्या दिशेला? हे कळल्याशिवाय कोणीही काही सांगितलं तरी ते अंदाजपंचे.

तारकर्ली_काठ
खंय काढलंस ता आदी सांग मरे.

माडाखाली
रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलेत का? लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये शॅडो वर, हायलाइट खाली, चेहऱ्यावर मास्क. पाच मिनिटांचं काम.

ओहोटी
@माडाखाली, पूर्ण उडालेल्या आभाळात रॉमध्येही काही उरत नाही. आणि तोंडावरचे केस लाइटरूम बाजूला करत नाही.

सड्यावरचा
गुहागर. पाच वाजता. समुद्र मागे, किनाऱ्यावर आणखी काय मागे असणार? फुलफ्रेम कॅमेरा, २४-७० एफ २.८ लेन्स. आता सांगा.

ओहोटी
इथेच सगळं अडलंय. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी समुद्र मागे घेतला की सूर्य मॉडेलच्या पाठीशी, म्हणजे चेहरा सावलीत आणि आभाळ झळझळीत. दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये, म्हणजे उजेडाच्या एका मापात, बसत नाहीत. शिवाय दुपारनंतर खारा वारा समुद्राकडून येतो, म्हणजे तोही पाठीमागून. केस तोंडावर येणारच. पोजचा यात काही दोष नाही.

समुद्र पाठीशी नको, बाजूला घ्या. पाण्याच्या कडेला उभे राहून कॅमेरा उत्तरेकडे करा, किनाऱ्याच्या लांबीच्या दिशेने. मॉडेल दक्षिणेकडे म्हणजे तुमच्याकडे बघतेय, समुद्र तिच्या उजव्या हाताला. आता उजेड चेहऱ्याच्या उजव्या बाजूने येतो आणि लाटांची रेघ फ्रेममध्ये तिरकी आत जाते. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे सरकून बुडतो, त्यामुळे तिने मान थोडी उजवीकडे वळवली की उजेड दोन्ही गालांवर येतो.

फ्लॅशमास्टर
एवढी दिशा कशाला पाहिजे? एक फ्लॅश, एक सॉफ्टबॉक्स. समुद्र मागे ठेवा, आभाळाचं एक्स्पोजर धरा, चेहरा फ्लॅशने भरा. शटर १/२०० च्या वर न्यायचं असेल तर हाय स्पीड सिंक (वेगवान शटरला फ्लॅश जुळवायची सोय).

थर्माकोल
पाच वाजता उन्हाशी झुंजायला एक छोटा फ्लॅश? हाय स्पीड सिंक लावलं की त्याची ताकद आणखी दोनेक स्टॉपने, म्हणजे जवळपास चौथाईवर, उतरते. पूर्ण उंचीच्या फोटोत फ्लॅश अडीच-तीन मीटरवर ठेवावा लागतो, तिथून सॉफ्टबॉक्समधून काय पोचणार? आणि किनाऱ्यावर सॉफ्टबॉक्स म्हणजे शीड. पहिल्या झुळुकीत आडवा.

फ्लॅशमास्टर
सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत वाळू भरून स्टँडच्या पायाला बांधा. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावला तर हाय स्पीड सिंक लागतच नाही. जमतं सगळं, करायची तयारी पाहिजे.

थर्माकोल
त्यापेक्षा पांढरा रिफ्लेक्टर, ११० सेंटिमीटरचा, धरायला एक माणूस. मॉडेलपासून एक ते दीड मीटर, छातीच्या उंचीवर किंवा जरा वर. जमिनीवर ठेवलात तर हनुवटीखालून उजेड येतो आणि चेहरा भुतासारखा दिसतो. रुपेरी बाजू नको, डोळे मिचकावते मुलगी. गुहागरला वाळू फिकी आहे, ती खालून थोडा उजेड देतेच. रत्नागिरीच्या मांडवीसारखी काळी वाळू असती तर डोळ्यांखालच्या खळग्यांसाठी रिफ्लेक्टर लागलाच असता.

पाऊणचेहरा
दिशेचं ओहोटींनी सांगितलं, आता ताठपणाचं. मॉडेल उभी कुठे होती? कोरड्या भुसभुशीत वाळूत टाच रुतते, तोल सांभाळायला माणूस गुडघे आवळतो आणि ते खांद्यापर्यंत दिसतं. लाट नुकती ओसरलेल्या घट्ट वाळूवर अनवाणी उभी करा, अर्धा ताठपणा तिथेच जातो. उरलेल्यासाठी:

वजन कॅमेऱ्यापासून लांबच्या पायावर, जवळचा गुडघा सैल. कंबर कॅमेऱ्यापासून तिरकी, खांदे किंचित परत कॅमेऱ्याकडे. कोपर आणि कंबर यांच्यामध्ये फट दिसली पाहिजे, नाहीतर दंड आणि धड एकच होऊन बाई रुंद दिसते. हनुवटी आधी पुढे, मग जरा खाली. नुसती खाली म्हटलं की मान आखडते. हाताची कड कॅमेऱ्याकडे, तळवा किंवा मागची बाजू सपाट नको. आणि 'स्माइल' म्हणू नका. चार पावलं हळू चालायला सांगा, चौथ्यावर थांबून कमरेतून वळायला सांगा, आणि वळताना सलग फ्रेम घ्या.

डोळे मिचकावत असेल तर मिटायला लावा, तीन म्हटल्यावर उघडायचे, त्याच क्षणी क्लिक.

कपडे कोणते आहेत?

सड्यावरचा
साड्या. एका बुटीकच्या कॅटलॉगसाठी. त्याने काय फरक पडतो?

पाऊणचेहरा
अहो, सगळाच पडतो! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. कॅटलॉग म्हणजे रंग खरा, किनार आणि पदर दिसलेच पाहिजेत. सूर्यास्ताची सोनेरी झाक सुंदर असते, पण पांढरी साडी पिवळी दिसते आणि गिऱ्हाईक परत पाठवतं. साड्या कुठल्या रंगाच्या?

सड्यावरचा
सुती. दोन मोतिया, एक गर्द लाल, एक निळी.

एक_पॉइंट_आठ
८५ मध्ये सुताचा पोत मस्त येतो.

पाऊणचेहरा
२४-७० ची ७० पुरे आहे. उभ्या फ्रेममध्ये पूर्ण उंचीसाठी चार-साडेचार मीटर मागे जा. २४ वर जवळ जाऊन काढलंत की जे लेन्सच्या जवळ ते फुगतं, खालून काढलं तर पाय आणि कंबर, वरून काढलं तर डोकं.

पदर डाव्या खांद्यावर असतो हे ध्यानात घ्या. ओहोटींच्या रचनेत समुद्र तिच्या उजवीकडे, म्हणजे वारा उजवीकडून. पदर अंगापासून सुटून डावीकडे उडतो, पूर्ण उघडा दिसतो. हेच कॅमेरा दक्षिणेकडे करून काढलंत तर वारा डावीकडून, पदर अंगाला गुंडाळून तोंडावर. तोच किनारा, तीच मुलगी, नुसती बाजू बदलल्याने हा फरक.

मतलई
एक दुरुस्ती. डिसेंबरात दुपारनंतरचा वारा बहुतेकदा सरळ पश्चिमेचा नसतो, वायव्येकडे झुकतो. दक्षिणेकडे तोंड केलं तर तो उजव्या खांद्यामागून येईल. पदर उडेल, पण मोकळे केस पुढे येतीलच. मान समुद्राकडे वळवून थोडे सावरतील, पूर्ण नाही.

ओहोटी
बरोबर. केस बांधा मग. अंबाडा आणि पिना, कॅटलॉगला तोच बरा, ब्लाउजची पाठही दिसते.

फ्लॅशमास्टर
म्हणजे शेवटी वाऱ्यापुढे हात टेकलेच.

मतलई
हात टेकायचे नसतील तर सकाळी जा. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे, तोही हलका. गुहागरला किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे. सूर्य डोंगर आणि सुरूंच्या वर येईपर्यंत पुळण सावलीत असते आणि पश्चिमेचं अख्खं आभाळ मऊ उजेड देतं. तेव्हा उलटं करा: समुद्र तुमच्या पाठीशी, मॉडेलचं तोंड समुद्राकडे, मागे सुरूंचा काळपट हिरवा. मोतिया साड्यांना याहून चांगली पार्श्वभूमी नाही. पांढऱ्या आभाळावर मोतिया साडीची कडच हरवते.

खोड डोक्यातून उगवल्यासारखं दिसू नये म्हणून दोन खोडांच्या फटीत चेहरा घ्या. झाडांपासून मॉडेल आठ-दहा मीटर पुढे, ७० मिमी, एफ २.८ किंवा ३.५. बनाच्या आत नेऊ नका, ऊन वर आलं की चेहऱ्यावर कवडसे पडतात. नारळाच्या वाडीतही तेच, वर हिरवट झाक. ती व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंग दुरुस्त करून, घालवायला गेलं तर साडी जांभळट होते.

तारकर्ली_काठ
गुहागराक बांगड्याचा बरा जेवण खंय मेळता?

माडाखाली
हा फोटोंचा धागा आहे हो.

तारकर्ली_काठ
पोटात काय नसला तर पोज कशी येतली?

जांभा
लाल साडीला सुरू चालेल, पण निळीला जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) बघा. गुहागरच्या वरच्या किंवा खालच्या पाट वस्तीतल्या गल्लीत मिळेल. लाल साडी मात्र गडग्यापुढे नको, विरून जाते. गडग्यावर ऊन पडलेलं असताना मॉडेल त्याला चिकटून उभी केली तर गालावर तांबूस उजेड उसळतो, दोन मीटर पुढे घ्या. कोणाच्या घराचा गडगा असेल तर विचारून.

अंजनवेलच्या गोपाळगडावरही जाता येईल, पण ट्रायपॉड-लाइट घेऊन कुठल्याही संरक्षित किल्ल्यात शिरण्याआधी परवानगीचं बघा. व्याडेश्वराच्या देवळाच्या आवारात शूट करायचं असेल तर देवस्थानाला विचारा.

एक_पॉइंट_आठ
ड्रोनने वरून साडी पसरलेली दाखवली तर?

जांभा
नको. किनार दिसणार नाही, आणि ड्रोनच्या नियमांवर शंभर प्रतिसाद होतील.

ओहोटी
@सड्यावरचा, ट्रायल कधी घेतली? आणि रविवारी तिथी कोणती?

सड्यावरचा
ट्रायल गेल्या रविवारी. तिथी कशाला? पत्रिका जुळवायची नाहीये.

ओहोटी
कालनिर्णय उघडा. गेल्या रविवारी अमावस्या होती, तेव्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, किनारा ऐसपैस. येत्या रविवारी सप्तमी. तिथीची पाऊणपट करा, सात पाऊणे सव्वापाच. पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास भरती, अर्धा-पाऊण तास मागेपुढे. म्हणजे संध्याकाळी पाचला तुम्ही ट्रायलला जिथे उभे होतात तिथे पाणी असेल. सप्तमी-अष्टमीला भांग (भरती-ओहोटीत फरक कमी), पाणी उधाणासारखं वर चढत नाही, पण घट्ट वाळूची पट्टी अरुंदच राहणार. बंदरखात्याचं भरतीचं कोष्टक मिळालं तर तेच बघा, पाऊणपट फक्त अदमासाला.

सकाळी सात-साडेसातला पाणी उतरतं असतं, ओली आरशासारखी वाळू उघडी पडते. मतलईंचं म्हणणं तिथेही बसतं. फक्त पाण्यात उभी करू नका. सुती साडीची खालची कड भिजली की वीतभर गडद होते आणि पुढच्या फोटोत रंग दोन दिसतात. मॉडेलला बाजूने वळसा घालून जागेवर न्या, नाहीतर फ्रेमभर पावलं.

सड्यावरचा
सकाळी सातला जायचं. कळलं. क्षितिज मानेतून जातंय ते कसं टाळू? सगळ्या फोटोंत गळा कापल्यासारखा.

पाऊणचेहरा
सपाट किनाऱ्यावर क्षितिज मॉडेलच्या अंगावर लेन्सच्या उंचीवरच येतं. डोळ्याला कॅमेरा लावून उभ्याने काढलंत तर रेघ मानेतून किंवा डोळ्यांतून जाणार. गुडघ्यावर बसा, लेन्स जमिनीपासून मीटरभर, रेघ कमरेवर येते आणि खांदे-चेहरा मोकळ्या आभाळावर. चार मीटरवरून एवढ्या खालच्या अँगलने हनुवटी जड दिसत नाही. चेहऱ्याचा क्लोजअप मात्र डोळ्यांच्या उंचीवरून, पार्श्वभूमी सुरूची.

कापताना गुडघा, मनगट, घोटा यांच्यावर फ्रेम कापू नका. मांडीच्या मध्यावर चालेल, पण साडीत निऱ्या अर्ध्यावर तुटतात, म्हणून कॅटलॉगला पूर्ण किंवा कमरेपर्यंत.

थर्माकोल
ग्रे कार्ड (रंग जुळवायचं करडं कार्ड) विसरू नका. प्रत्येक जागा बदलली की एक फ्रेम मॉडेलच्या हातात कार्ड देऊन. आणि एसी खोलीतून थेट किनाऱ्यावर कॅमेरा काढलात तर लेन्सवर वाफ धरेल. अर्धा तास आधी बॅग बंदच ठेवून खोलीबाहेर ठेवा.

फ्लॅशमास्टर
खाऱ्या पाण्याचे तुषार लेन्सवर आले तर आधी ब्लोअर, मग ओलसर फडकं. कोरडं पुसलंत तर वाळूने ओरखडे. फ्लॅश नाही तर नाही, एवढं तरी ऐका.

माडाखाली
पोलरायझर लावावा का?

मतलई
ओल्या वाळूत पडलेलं प्रतिबिंब हवं असेल तर काढून ठेवा किंवा फिरवून प्रतिबिंब पूर्ण दिसतं तिथे थांबा. तो चकाकी मारतो, म्हणजे प्रतिबिंबही मारतो. सुरूपुढे लावला तर पानं गडद होतात, पण एक-दोन स्टॉप उजेड जातो, आणि सकाळी सातला तो परवडत नाही.

काजूबोंड
धागा वाचला. माझ्याकडे फक्त मोबाईल आहे, चालेल का?

पाऊणचेहरा
चालेल. २ पट किंवा ३ पटची लेन्स असेल तर ती वापरा आणि मागे सरका, १ पटवर जवळ जाऊ नका. चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, उडत्या पदराची आणि केसांची कड तो चुकीची कापतो.

सड्यावरचा
बुटीकवाल्या म्हणतायत शेवटचा एक तरी फोटो सूर्यास्ताचा हवाच, पोस्टरसाठी.

ओहोटी
मग निळी साडी, सहाच्या आधी दहा मिनिटं, समुद्र बाजूला. मोतिया त्या वेळी अजिबात नको.