मदत हवी आहे: १५ जीबीची 'ब्लू-रे' कुठेच चालत नाही

भाजणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आईचं कपाट आवरताना चार डिस्क सापडल्या. वर भावोजींच्या अक्षरात 'आई-बाबा, हाकोने, एप्रिल २००७'. ताई तेव्हा टोकियोत होती. बाबा आता नाहीत, आणि त्यांचा आवाज असलेलं दुसरं काहीही आमच्याकडे नाही.

भावोजींनी त्याच वर्षी दिवाळीत सगळं लॅपटॉपवर घेऊन या डिस्क बर्न केल्या आणि कॅमेऱ्याच्या कॅसेटी पुसून परत वापरल्या (यावर ताईने त्यांना काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही). तो लॅपटॉप कधीच भंगारात गेला.

साध्या डीव्हीडी ड्राइव्हने डिस्क ओळखली नाही. मग यूएसबीवर चालणारा नवा ब्लू-रे ड्राइव्ह घेतला. त्यातही डिस्क जरा वेळ फिरते, थांबते आणि 'डिस्क घाला' असा संदेश येतो. एका दुकानात दाखवली. त्याने उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, मेलीय ही, टाकून द्या."

डिस्कवर जपानीत बारीक मजकूर आहे. मला वाचता आलं ते फक्त '१५ जीबी'. ही लहान क्षमतेची ब्लू-रे असते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना बाजार

भाजणीताई, आधी त्या चारही डिस्क कुलपात ठेवा. टाकू नका!

१५ जीबी वाचूनच शंका आली. १२ सेंटिमीटरच्या ब्लू-रेत एका थरावर २५ जीबी मावतात आणि दोन थरांवर ५०. पंधरा आणि तीस हे आकडे एचडी डीव्हीडीचे, म्हणजे त्या काळी ब्लू-रेशी स्पर्धा करणाऱ्या डिस्कचे. मधल्या भोकाजवळ नीट बघा, रोमन लिपीत 'एचडी डीव्हीडी-आर' असं छापलेलं असेल.

भाजणी

आहे! अगदी बारीक अक्षरांत आहे. पण दोन्हीत निळाच लेझर ना? मग माझा ड्राइव्ह का वाचत नाही?

जुना बाजार

लेझर एकच, ४०५ नॅनोमीटरचा. फरक खोलीत आहे. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो, अगदी जुन्या डीव्हीडीसारखा. ब्लू-रेत तो जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. भिंगंही वेगळी, एचडी डीव्हीडीच्या भिंगाचं न्यूमरिकल ॲपर्चर (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचं माप) ०.६५, ब्लू-रेच्या भिंगाचं ०.८५. म्हणजे तुमचा ड्राइव्ह दुसऱ्याचा चष्मा लावून पोथी वाचायला बसलाय. डिस्क ठणठणीत असेल तरी त्याला दिसणार नाही.

एचडी डीव्हीडी काढणाऱ्या तोशिबा-एनईसी गटाने ०.६ मुद्दाम धरलं. डीव्हीडीच्या कारखान्यांत थोडा बदल करून याच डिस्क काढता याव्यात, खर्च कमी यावा, हा हिशोब. उलट ब्लू-रेचा थर इतका वर, की ओरखड्यांच्या भीतीने सुरुवातीला ती डिस्क डबीत बंद असायची. पुढे टणक लेप आला आणि डबी गेली.

गणितमास्तर

राहवत नाही म्हणून. पान तेवढंच, पण ओळी जवळ घेतल्या आणि अक्षर बारीक केलं तर मजकूर जास्त मावतो ना, तसंच आहे हे. दोन ओळींमधलं अंतर एचडी डीव्हीडीत ०.४० मायक्रॉन, ब्लू-रेत ०.३२. म्हणजे सव्वापट फायदा. सर्वांत छोटी खूण अनुक्रमे २०४ आणि १४९ नॅनोमीटर, तिथे आणखी १.३७ पट. आता १५ ला दोन्हींनी गुणा. २५ च्या थोडं वरच येतं.

टवाळ

थोडक्यात भावोजींनी हरणाऱ्या घोड्यावर पैसे लावले. (हलकेच घ्या.)

जुना बाजार

टवाळराव, २००७ च्या दिवाळीत तो घोडा हरलेला नव्हता. उलट ऑगस्टमध्ये पॅरामाउंट हा चित्रपट स्टुडिओ ब्लू-रे सोडून एचडी डीव्हीडीकडे आला होता. पारडं फिरलं ४ जानेवारी २००८ ला, वॉर्नर या स्टुडिओने आपले चित्रपट फक्त ब्लू-रेवर काढणार असं जाहीर केलं तेव्हा. १९ फेब्रुवारीला तोशिबाने गाशा गुंडाळला. दीड महिन्यात खेळ खलास! भावोजींना दोष देऊ नका.

आता उपाय. त्या काळात एलजीने दोन्ही प्रकार वाचणारे ड्राइव्ह काढले होते. माझ्याकडे तसला एक आहे, माझ्या एचडी डीव्हीडी-आर त्याने वाचल्यात. तो पीसीच्या आत बसणारा आहे, त्यामुळे लॅपटॉपला लावायचा तर साटा-यूएसबी जोडणी (आतल्या ड्राइव्हचं टोक यूएसबीला जुळवणारी) लागेल, तीही १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेली. नुसत्या यूएसबीच्या विजेवर तो हलणार नाही. मी मुलुंडला असतो, तुम्ही जवळपास असाल तर घेऊन जा. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो.

भाजणी

मी डोंबिवलीची! रविवारी येते.

भाजणी

अपडेट: पहिल्या तीन डिस्क वाचल्या!! कॉपी चालू आहे. पण एक धाकधूक. भावोजी म्हणतात, डिस्क काठोकाठ भरल्या होत्या. विंडोज प्रत्येकीत १३.९ जीबीच दाखवतंय. एक जीबीहून जास्त गेलं कुठे?

गणितमास्तर

कुठेही नाही. डिस्कवाले हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. १५ अब्ज बाइटला १०२४ ने तीनदा भागा, १३.९७ येतं. तुमची २५ जीबीची रिकामी ब्लू-रेही अशीच २३.३ दिसेल.

भाजणी

हुश्श. चौथी मात्र अर्ध्यात अडकतेय. तिथेच ड्राइव्ह खरखरतो.

जुना बाजार

मग साधी कॉपी लगेच थांबवा. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून माहिती काढणारा प्रोग्राम चालवा. ते आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं उचलून घेतं आणि अडलेल्या जागी नंतर परत परत जातं. रात्रभर लागू शकेल, मध्ये बंद करू नका.

आणि मिळालेलं सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक ताईकडे द्या. परत डिस्कच्या भानगडीत पडू नका. सोनीनेसुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये रिकाम्या ब्लू-रे बनवणं थांबवलं.

भाजणी

दुसऱ्या डिस्कमध्ये बाबा हाकोनेच्या तळ्याकाठी उभे आहेत आणि भावोजींना विचारतायत, "हे चालू आहे का? मग दिवा का लागत नाही?" आईने तेवढंच चार वेळा लावायला लावलं.

चौथीचं डीडीरेस्क्यू काल रात्रीपासून चालू आहे, ९१ टक्क्यांवर आलंय. जुना बाजार, ड्राइव्ह पुढच्या रविवारी आणून देते. घरी थालीपीठ चालतं ना? दोन किलो भाजणी बांधून ठेवली आहे.