'म्युटेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सोलापुरात मराठी माध्यमाच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. काहींच्या घरी यंत्रमाग आहेत, म्हणून उदाहरणंही मालाचीच घेते. पायथन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात, त्याचा फायदा होतो.

सोमवार = ['चादर', 'टॉवेल']
मंगळवार = सोमवार
मंगळवार += ['नॅपकिन']

आता सोमवारच्या यादीतही नॅपकिन दिसतो. या म्युटेशनला 'फेरफार' म्हणू का? 'उत्परिवर्तन' म्हटलं की मुलांना विज्ञानाचा तास आठवतो.

उत्तर : 'उत्परिवर्तन' जीवशास्त्राकडेच राहू द्या. 'फेरफार' सुचणं साहजिक आहे, महसूल खात्यात म्युटेशनला हाच शब्द रुळलाय. पण तलाठ्याकडे फेरफार कसा होतो बघा : गाव नमुना 6 मध्ये नोंद, संबंधितांना नोटीस, नोंद प्रमाणित झाली की मग सातबाऱ्यावर नाव. सगळं सांगून-सवरून. इथे सोमवारला कुणी विचारतसुद्धा नाही. शिवाय 'आकड्यांत फेरफार' म्हटलं की लबाडीचा वास येतो, आणि पायथनवर तो आरोप अन्यायाचा आहे. दुसऱ्या ओळीत नवी यादी तयारच झाली नव्हती, एकाच यादीला दोन नावं मिळाली होती. += ने त्याच यादीत भर घातली. हेच मंगळवार = मंगळवार + ['नॅपकिन'] असं लिहिलं, तर नवी यादी तयार होते आणि सोमवार जसाच्या तसा राहतो.

मी 'जागच्या जागी बदल' म्हणेन. लांब आहे, पण मुलांना नेमका प्रश्न विचारता येतो : यादी जागच्या जागी बदलली की नवी झाली? सुरुवातीलाच वेगळी प्रत हवी असेल, तर मंगळवार = सोमवार[:] लिहायला सांगा.

आणखी एक उत्तर : 'जागच्या जागी बदल' आवडला. फक्त तो += चा अर्थ म्हणून पाठ होऊ देऊ नका. संख्या आणि स्ट्रिंग (म्हणजे अवतरणातला मजकूर) जागच्या जागी बदलत नाहीत. तिथे += नवी किंमत तयार करतो आणि नाव तिला लावतो.

प्रश्नकर्ती : म्हणजे यादी 'बदलती' आणि स्ट्रिंग 'न बदलणारी'. वर्गात हेच वापरते. टपलही (गोल कंसातली, यादीसारखी रचना) न बदलणाऱ्यांतच ना?

आणखी एक उत्तर : हो, पण टपलच्या आत यादी असू शकते. माल = (['चादर'],) करून माल[0] += ['टॉवेल'] चालवून दाखवा. टाइपएरर (पायथनची चूक-सूचना) येतो, आणि तरीही आतल्या यादीत टॉवेल जमा झालेला असतो.