लेसर फुकट गेला असं समजू नका

आईंच्या डोळ्याला लेसर करून महिना झाला तरी पेपर वाचता येत नाही, म्हणजे लेसर फुकट गेला का, असं तुम्ही विचारलंय. तसं नाही हो. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात आणि सूज येते. लेसर ते झिरपणं थांबवतो. त्याचं मुख्य काम म्हणजे आहे ती नजर टिकवणं. १९८५ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात नजर आणखी खालावण्याचा धोका लेसरने साधारण निम्म्यावर आला होता. सूज उतरायलाही काही महिने लागतात. ती पडद्याच्या अगदी मध्यभागी असून नजर कमी झाली असेल, तर हल्ली बहुधा आधी डोळ्यात इंजेक्शनच देतात. ओसीटी (पडद्यावरची सूज दाखवणारी तपासणी) पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

जाताना गॉगल न्या. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर माझ्या बाबांना नौपाड्यात गोखले रोडवरच्या उन्हात डोळे उघडवेनात. माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरून रिक्षापर्यंत आले.

आणि दुसरा डोळा तपासलात का? बाबांचा आम्ही सहा महिने लांबवला, ते मला अजून लागून राहिलंय.