लंडनच्या हीथ्रो विमानतळाहून किंग्ज क्रॉस स्टेशन: स्वस्तात कसं?

आई-बाबा पुण्याहून येताहेत, माझी त्या दिवशी ड्युटी आहे. हीथ्रो एक्सप्रेसचं तिकीट काढून ठेवू का?

↳ अजिबात नको! ती पॅडिंग्टनलाच सोडते, पुढचं भाडं वेगळं. पिकॅडिली लाइन (लंडनची मेट्रो) थेट किंग्ज क्रॉसला जाते आणि सगळ्यात स्वस्त. तासभर लागतो, पण हीथ्रोला गाडी रिकामी मिळते, बॅगा पायाशी ठेवून निवांत बसता येतं. किंग्ज क्रॉसला लिफ्ट आहे. माझ्या सासूबाई अशाच आल्या.

↳ एलिझाबेथ लाइन?

↳ लवकर पोचते, पण भाडं जास्त, शिवाय फॅरिंग्डनला गाडी बदला. भाड्यासाठी गेटवर टॅप करायला दोघांना वेगवेगळी कार्डं द्या हं, एकावर दोघं चालत नाहीत. आणि बाहेर पडतानाही कार्ड टॅप करायला विसरू नका म्हणावं, नाहीतर जास्तीचं भाडं कापतात.