नेकचं बुशिंग: ‘मोजा आणि दोन वजा करा’ पुरेसं, की शेवटी मँड्रेल हवाच?

थाऊमास्तर:
रायफलची काडतुसं घरी भरणाऱ्यांनी बुशिंगचा (पुंगळीचा नेक, म्हणजे गोळी धरणारं तोंड, बाहेरून आवळणारी डाय या साच्यातली रिंग) उगाच बाऊ केलाय. (चर्चा अमेरिकेतल्या रीलोडिंगपुरती. भारतात परवान्याचा प्रश्न वेगळा आहे, तो इथे नको.) भरलेल्या काडतुसाच्या नेकचा बाहेरचा व्यास मोजा, २ थाऊ वजा करा, त्या नंबरचं बुशिंग घ्या. संपलं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; खालचे व्यास इंचात.

उदाहरण ६.५ क्रीडमूर हे काडतूस, लापुआ कंपनीच्या पुंगळ्या. गोळी ०.२६४, नेकची भिंत सुमारे ०.०१५, म्हणजे भरलेला नेक ०.२९४. बुशिंग ०.२९२. बाहेर पडल्यावर पितळ साधारण अर्धा थाऊ फुलतं, गोळीवर पकड (गोळीपेक्षा नेकचा आतला व्यास जितका कमी तितकी) उरते दीड थाऊ. बोल्ट-ॲक्शनवर एकेक गोळी भरून टार्गेट मारणाऱ्याला एवढी पुरते. मोजण्यासाठी दारू आणि प्रायमर न घालता पाच-सहा डमी करा. व्हर्नियरवर विसंबू नका, त्याची चूकच एक थाऊची असते; मायक्रोमीटर लावा. डायमधला एक्सपांडर बॉल (नेक आतून फुगवणारी गोटी) काढून ठेवा, कारण पुंगळी बाहेर येताना तो नेक ओढतो आणि रनआउट (अक्षापासूनचा वाकडेपणा) वाढवतो. मँड्रेल (नेक आतून ठरावीक मापाला उघडणारा दांडा), त्याची वेगळी डाय आणि प्रेसचा जादा फेरा, हा सगळा हौसेचा खर्च.

पुंगळीपारखी:
मास्तर, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते एकाच पुंगळीचं. बुशिंग बाहेरून दाबतं, त्यामुळे बाहेरचा व्यास सगळ्यांचा सारखा होतो आणि भिंतीच्या जाडीतला सगळा फरक आतल्या बाजूला जातो. एकीची भिंत ०.०१५ आणि दुसरीची ०.०१४५ असेल, तर आतल्या व्यासात पूर्ण एक थाऊचा फरक. तुमची पकडच मुळात दीड थाऊ! म्हणजे दुसऱ्या पुंगळीत ती अर्ध्या थाऊवर येते. एकाच नेकची एक बाजू जाड असेल तर गोळी अक्षापासून सरकते ते वेगळंच.

मँड्रेल हाच फरक बाहेर ढकलतो. तिथे तो निरुपद्रवी असतो, कारण फॅक्टरी चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत) भरलेल्या नेकभोवती दोन-तीन थाऊ मोकळे असतातच. मात्र मँड्रेल वापरायचा तर बुशिंग लहान घ्यावं लागतं, नाहीतर त्याला कामच उरत नाही. याच पुंगळीला ०.२९० घ्या. आतला व्यास फुलून ०.२६१ च्या आत राहील, मग ०.२६२५ चा मँड्रेल खरोखर उघडेल. नेक परत आवळून ०.२६२ वर थांबला की पकड २ थाऊ. नेकच्या आत थोडं कोरडं ग्रॅफाइट लावा, नाहीतर मँड्रेल घासत जातो.

थाऊमास्तर:
आधी दाबून लहान करा, मग परत उघडा. पितळाला दोनदा राबवलं की ते लवकर कडक होतं, हे कुणी बोलत नाही. जाडीचाच फरक आहे ना? मग बॉल-मायक्रोमीटरने भिंत मोजून पुंगळ्या वेगळ्या करा किंवा नेक टर्न करा, म्हणजे बाहेरून तासून भिंत सारखी करा. रोग मुळात बरा होतो.

गॅसगन:
नेक टर्न करायला किती जण बसतात, राव? आणि हे दीड थाऊ सेमी-ऑटोवाल्यांनी (रायफल पुढचं काडतूस आपोआप भरते त्यांनी) वाचून तसंच करू नये. तिथे काडतूस मॅगझिनमधून आपटत चेंबरमध्ये जातं. पकड कमी पडली तर गोळी पुंगळीत आत सरकते, आतली जागा घटते, दाब चढतो. ३ थाऊपासून सुरुवात करा. डमीची लांबी मोजा, मॅगझिनमधून दोन-तीनदा चेंबर करा, परत मोजा. लांबी कमी झाली किंवा वाढली, दोन्ही वाईट.

पुंगळीपारखी:
पण ३ चे ५ केले तर पकड त्या प्रमाणात वाढत नाही, हेही लिहा. एका मर्यादेपुढे पितळ कायमचं ताणतं, गोळी स्वतःच एक्सपांडरचं काम करते.

तीनशेआठ:
दोघेही ०.३०८ विंचेस्टरवर गप्प आहात. फॅक्टरी चेंबरचा नेक ०.३४४ च्या आसपास, म्हणजे डागलेली पुंगळी ०.३४३ ला धरा. विंचेस्टर कंपनीच्या पातळ पुंगळीचा भरलेला नेक ०.३३३. ‘दोन वजा’ म्हणजे ०.३३१, म्हणजे एका फेऱ्यात १२ थाऊ आवळणं! एवढं एकदम दाबलं की नेक वाकडा होतो, कधी बुशिंगच्या नंबरपेक्षाही लहान निघतो. आधी ०.३३७, मग ०.३३१. ५-६ थाऊपेक्षा जास्त दाबायचं असेल तर दोन बुशिंग लागणारच, मँड्रेल असो वा नसो.

थाऊमास्तर:
हे मान्य. क्रीडमूरला हा प्रश्न नाही, डागलेला नेक ०.२९६ च्या आसपास असतो. आणि बुशिंग डायमध्ये आवळून बसवणाऱ्यांनी त्यातून येणारा वाकडेपणा मँड्रेल हवाच याचं कारण म्हणून खपवू नये. वरचा स्क्रू टेकेपर्यंत फिरवा, मग फेऱ्याचा आठवा हिस्सा मागे घ्या. डाय हलवली की आत खुळखुळ ऐकू आली पाहिजे.

भट्टीवाला:
सगळे फुलण्याचा आकडा पक्का धरताय. चार-पाच वेळा डागलेलं, ॲनील न केलेलं (तापवून मऊ न केलेलं) पितळ जास्त फुलतं, म्हणून त्याच ०.२९२ ने पकड हळूहळू सैल होते. ॲनीलिंग केलंत तर उलट होतं. दर वेळी ॲनील करत नसाल तर ०.२९१ आणि ०.२९२ दोन्ही जवळ ठेवा. गोळी बसवताना हाताला एखादी एकदम हलकी लागली की ती बाजूला काढा.

पुंगळीपारखी:
आणि बुशिंगने दाबलेल्या नेकच्या तळाशी, खांद्यालगत, एक अरुंद पट्टा न दाबलेला राहतो. जाड पितळ तिथे आत सरकून कडं होतं. लांब गोळीचा बूड तिथवर गेला तर मास्तरांचं ‘दोन वजा’ तिथे लागू होत नाही.

थाऊमास्तर:
त्या कड्याला मँड्रेलही फक्त बाहेर ढकलतो, काढत नाही. तिथे रीमर (आतून तासणारं हत्यार) किंवा नेक टर्निंग कटर लागतो. नाहीतर गोळी थोडी वर बसवा, मॅगझिनची लांबी परवानगी देत असेल तर.